आमची वाटचाल : तेवीस दिवस आणि बावन्न कास्टिंग

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत १९९७ साली भाड्याच्या शेडमध्ये आम्ही फाउंड्री सुरू केली, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं आणि त्याचे भाग, कास्टिंग, काढायचे. एक छोटा क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, नऊ माणसं आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या कारखानदारांनी भरवशावर दिलेलं काम. आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. भट्टीच्या दिवशी मी स्वतः लॅडल धरायचो, वाळू चाळायचो, आणि रात्री हिशेब लिहायला बसलो की डोळ्यांत कोळशाची पूड खुपायची. २००६ मध्ये पाचशे किलोची विजेवरची इंडक्शन फर्नेस आली, ट्रॅक्टरच्या आणि पंपांच्या कास्टिंगची मोठी ऑर्डर मिळाली आणि माणसं चाळीसच्या वर गेली. हा भाग इतक्यातच आटोपतो. यंत्रं कधी घेतली आणि उलाढाल किती वाढली, याच्या याद्या प्रत्येक कारखान्याकडे असतात. आमच्या वाटचालीतली सांगण्यासारखी गोष्ट २०११ च्या पावसाळ्यातली आहे. त्या वर्षी आमच्या फाटकाबाहेर तेवीस दिवस संप चालला.

त्याआधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही भुदरगड तालुक्यातले. आण्णा १९६१ मध्ये मुंबईला गेले, काही वर्षं कापड गिरणीत बदली म्हणून, गैरहजर माणसाच्या जागी, राबले आणि मग साचे खात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. लालबागला एका खोलीत पंधरा-सोळा जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपायची. जेवण खानावळीत, पैसे गावाला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत आण्णा होते. मी तेव्हा तेरा वर्षांचा. दोन महिन्यांत मिटेल म्हणून ते गावी आले. रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. मुंबईहून कुणी उतरलं की विचारायचे, "काय ठरलं?" काहीच ठरलं नाही. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. आईनं म्हैस घेतली आणि दूध घालायला सुरुवात केली. दीड वर्षानं आण्णा उद्यमनगरात एका फाउंड्रीत फेटलिंगला लागले. वीस वर्षं साचे चालवलेले हात कास्टिंगची धार घासायला लागले.

गिरण्यांमधल्या त्या भांडणाचं मूळ काय, हे आण्णा एका वाक्यात सांगायचे : "मालक ज्यांच्याशी बोलत होते ते आमचे नव्हते, आणि आमचे होते त्यांच्याशी मालक बोलत नव्हते." १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेलाच होता. गिरण्यांत ती संघटना म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे आणि कागद संघाच्या नावे. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं या मागण्या होत्याच, पण हा कायदा रद्द करा, ही मागणीही तितकीच मोठी होती. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो. तरी स्वतः मालक झाल्यावर मी नेमकं तेच केलं.

२०११ चा जून चांगलाच लागला. आमच्या वाळूच्या शेडचं पत्र्याचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. ते उन्हाळ्यातच बदलायला हवं होतं, पण बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली होती म्हणून मी पुढं ढकललं. जूनच्या शेवटी रिजेक्शन वाढायला लागलं. एरवी शंभरात चार-पाच कास्टिंग बाद जायची, ती बारा-तेरावर गेली. त्यातली काही तर गिऱ्हाइकाकडे मशिनिंग झाल्यावर बाद ठरली. वरून तासलं की आतलं भोक उघडं पडायचं, आणि मग कास्टिंगच्या किमतीबरोबर त्यांच्या मशिनिंगचा खर्चही आमच्या बिलातून कापला जायचा.

आमचे मोल्डर, म्हणजे बॉक्समध्ये वाळूचे साचे भरणारे कारागीर, बॉक्सवर पैसे घ्यायचे. जितके बॉक्स भरतील तितका दाम. मी ठरवलं की बाद कास्टिंगच्या बॉक्सचे पैसे द्यायचे नाहीत आणि वर थोडी कट लावायची. मनात हिशेब सरळ होता : ज्यानं साचा भरला त्याची जबाबदारी. जून आणि जुलै मिळून अठरा मोल्डरांच्या पगारातून ८१ हजार रुपये कापले. माणशी साडेचार हजार. पोरांच्या शाळा सुरू होण्याच्या दिवसांत.

मोल्डरांमधले सगळ्यांत जुने, ज्यांना सगळी फाउंड्री मामा म्हणायची, ते दोनदा ऑफिसात आले. दुसऱ्यांदा त्यांनी मुठीत वाळू आणली होती. टेबलावर ठेवून म्हणाले, "मालक, दाबून बघा. गोळा हाताला चिकटतोय. ह्यात लोखंड वतलं तर वाफ जाणार कुठं?" मी ती वाळू दाबून बघितली नाही. "मामा, पावसाळा सगळ्यांनाच आहे," एवढंच बोललो आणि फोन घेतला. ते वाळू पुन्हा मुठीत घेऊन गेले. टेबलावर राहिलेले चार कण मी नंतर फडक्यानं पुसले, हे मला आजही आठवतं.

८ ऑगस्टला संप सुरू झाला. त्यांनी बाहेरची युनियन घेतली होती. मी त्या पुढाऱ्यांशी बोलायला नकार दिला. माझी माणसं आहेत, मी माझ्या माणसांशी बोलेन, बाहेरचा कशाला, असा माझा हेका. पाचव्या दिवशी मी एका ठेकेदाराकडून टेम्पो भरून माणसं आणली. फाटकावर रेटारेटी झाली, दगड आला, टेम्पोची काच फुटली. मी पोलिसांत सहा जणांची नावं दिली. त्यांतल्या दोघांच्या लग्नांत मी जेवून आलो होतो.

तोवर आण्णांनी कारखान्यात येणं बंद केलं होतं. रोज सकाळी दहाला येऊन वाळूच्या शेडजवळ खुर्ची टाकून बसणारा माणूस. ते संपकऱ्यांच्या ताडपत्रीखाली गेले नाहीत आणि फाटकातून आतही आले नाहीत. घरी मला रागावले नाहीत. जेवताना एकदाच विचारलं, "बाद मालाची वही कुणाकडं असते?"

"ऑफिसात. क्वालिटीवाला लिहितो."

"मोल्डर बघतो का ती?"

"नाही."

"मग त्याला कसं कळणार त्याचं काय चुकलं?" एवढं बोलून ते ताक प्यायले आणि उठले.

त्या रात्री मी कामगार कायद्याचं पुस्तक काढलं. सल्लागाराला फोन केला. तेव्हा लागू असलेला १९३६ चा वेतन प्रदान कायदा सांगत होता की नुकसानीपोटी पगारातून कपात करायची असेल, तर नुकसान त्या कामगाराच्याच हयगयीमुळे थेट झालेलं हवं, आणि कपातीआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. मी अठरांपैकी एकालाही काही विचारलं नव्हतं. माझी सगळी कपात बेकायदा होती. चौदा वर्षं कारखाना चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नसणं, याला मी अज्ञान म्हणणार नाही. माहीत करून घ्यायची मला गरज वाटली नव्हती.

कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यांपुढे दोन बैठका निष्फळ गेल्या होत्या. सतराव्या दिवशी संध्याकाळी मी मामांच्या गावी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. मग म्हणाले, "मी एकटा येणार न्हाई. आमच्यातले चौघं येतील, आणि युनियनचे साहेब बी येतील. त्यांना दारात थांबवायचं असलं तर आत्ताच सांगा." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं. बाद मालाच्या ढिगातून, कुणी निवडून घेऊ नये म्हणून एका कडेनं सलग, बावन्न कास्टिंग काढली. एक घण मागवला. फेटलिंगचा एक तरुण पोरगा एकेक कास्टिंग ऐरणीवर ठेवून फोडायचा, आणि आम्ही सात-आठ जण उकिडवे बसून तुटलेला भाग बघायचो : मामा, फर्नेसवाला, क्वालिटीवाला, युनियनचे पुढारी, मी. ज्यानं आयुष्य लोखंडात घालवलं त्याला भोक बघून कळतं. आतून गुळगुळीत, चकचकीत, गोल पोकळी असली की ती गॅसची, म्हणजे वाळूत पाणी जास्त. काठाशी वाळूचे दाणे रुतलेले असले की साचा ढिला भरला किंवा बॉक्स बसवताना वाळू सुटली, ती मोल्डरची चूक. दोन प्रवाह भेटून मिसळलेच नाहीत अशी शिवण दिसली की लोखंड थंड ओतलं, ती फर्नेसची. खडूनं जमिनीवर तीन चौकोन आखले आणि फुटलेले तुकडे त्यांत टाकत गेलो.

पहिल्या दहांत सात गॅसच्या चौकोनात पडले. मला वाटलं, पुढं बदलेल. बदललं नाही. शेवटी मोजले. ओल्या वाळूचे एकतीस, थंड लोखंडाचे बारा, साच्याचे नऊ. थंड लोखंडाच्या बारांबद्दल फर्नेसवाल्यानं खाली बघत सांगितलं की वीज जाऊन यायची तेव्हा पुन्हा पूर्ण तापवायला वेळ लागतो, आणि लवकर ओता असा निरोप ऑफिसातून येतो. तो निरोप माझाच असायचा. बावन्नपैकी मोल्डरांच्या वाट्याला नऊ. मी पैसे कापले होते बावन्नचे.

कुणी काही बोललं नाही. मामांनी एक गॅसचा तुकडा उचलला, अंगठ्यानं पोकळी पुसली आणि माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

३० ऑगस्टला करार झाला. परवा गणपती बसणार होते. कापलेले ८१ हजार परत दिले. कट कायमची बंद. पोलिसांतली तक्रार मागे घेण्याचा अर्ज मी स्वतः जाऊन दिला. रोज सकाळी एक मोल्डर, एक फर्नेसवाला आणि क्वालिटीवाला मिळून आदल्या दिवशीचा बाद माल फोडून बघणार आणि कारणासह फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिणार. वाळूतली ओल मोजायचं यंत्र आलं. छप्पर बदललं, त्यासाठी घरचं सोनं बँकेत ठेवलं. संपाच्या तेवीस दिवसांचा पगार मात्र मी दिला नाही, उचल दिली आणि ती हप्त्यांनी वळती केली. युनियनला ते पटलं नव्हतं, आणि आज मलाही वाटतं की निदान अर्धे दिवस तरी द्यायला हवे होते. ज्या बॉक्सचे पैसे मी बेकायदा कापले, त्यासाठी ती माणसं पावसात बसली होती. त्यांतला एक फेटलर संपात दुसरीकडे कामाला लागला तो परतला नाही. चांगला कारागीर होता. वाटेत दिसला तर मान वळवतो.

दिवाळीपर्यंत रिजेक्शन सहाच्या खाली आलं. फळा आजही आहे. ऑडिटला येणारे मोठ्या कंपन्यांचे लोक कधी सुचवतात की हा आत घ्या, बाहेरून दिसायला बरं दिसत नाही. मी नाही म्हणतो.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. बोनसवरून दरवर्षी ताणाताणी होते. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के, आणि मधल्या जागेसाठी दोन-तीन बैठका लागतात. युनियनचे साहेब हिशेबाच्या वह्या मागतात आणि मी त्या टेबलावर ठेवतो. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ठरलेलं आहे. आमच्या भागात अनेक ठिकाणी तो सिंगलनं दिला जातो आणि आम्हीही २०११ पर्यंत तसाच देत होतो. सगळ्यांत अवघड प्रश्न ठेक्यावरच्या माणसांचा आहे. फेटलिंगला आता ओडिशा, बिहारची मुलं आहेत, ठेकेदाराच्या नावावर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्यांतले अकरा जण आमच्या शेडमध्येच राहिले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची गावं, घरं कळली. तेच काम करणाऱ्या आमच्या माणसापेक्षा त्यांना कमी मिळतं. दरवर्षी चौघांना हजेरीपटावर घ्यायचं असं युनियनशी ठरलंय. अजून चौदा बाकी आहेत. हा वेग कमी आहे, हे युनियनचं म्हणणं खरं आहे.

आण्णा २०१६ मध्ये गेले. २०११ च्या करारानंतर दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा वाळूच्या शेडजवळ खुर्ची टाकून बसायला लागले होते.

मामा २०२१ मध्ये निवृत्त झाले. बावीस वर्षं नोकरी. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १९,५००. ग्रॅच्युइटीचा हिशेब पंधरा दिवसांचा, सव्वीसनं भागून, गुणिले बावीस : २,४७,५०० रुपये. चेक हातात घेतला तरी ते उठले नाहीत. खिशातून घडी केलेला कागद काढला. नातवाकडून त्यांनी आकडा आधीच काढून आणला होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोटानं जुळवले. मग विचारलं, "त्या तेवीस दिवसांचं काय केलंत? ती धरली का तोडली?"

"धरली, मामा. तो संप कायदेशीर होता. नोकरी सलगच आहे."

त्यांनी कागद पुन्हा चार घड्या करून खिशात ठेवला, चेक वेगळ्या खिशात ठेवला, आणि वाळूच्या शेडकडे एक चक्कर मारून येतो म्हणून निघाले.