इस्पितळाच्या आवारातलं पॅरिश

आज लंडनच्या स्मिथफिल्डमधलं काम लवकर आटोपलं, म्हणून सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या आवारात डोकावले. फाटकावर इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा पुतळा, आत शिरलं की लगेच ‘सेंट बार्थोलोम्यू द लेस’ (म्हणजे धाकटं) हे चिमुकलं चर्च.

राहेर नावाचा दरबारी माणूस रोमच्या यात्रेत आजारी पडला. बरा झालो तर इस्पितळ बांधीन, असा त्याने नवस बोलला आणि ११२३ मध्ये तो फेडलाही! हे चर्च म्हणजे त्या इस्पितळाचं प्रार्थनाघर. पुढे हेन्रीने मठ मोडले, इस्पितळाचं उत्पन्न बुडालं. मग १५४६ मध्ये त्यानेच ते शहराच्या हवाली केलं आणि प्रार्थनाघराचं पॅरिश चर्च, म्हणजे ठरावीक हद्दीतल्या लोकांचं चर्च, झालं. म्हणजे आधी बुडवायचं, मग दाता म्हणून फाटकावर मिरवायचं!

गंमत म्हणजे पॅरिशची हद्द इस्पितळाच्या आवाराएवढीच होती. वास्तुविशारद इनिगो जोन्सचा बाप्तिस्मा १५७३ मध्ये इथलाच.

मनोरा पंधराव्या शतकातला, आतलं दालन मात्र अष्टकोनी. जॉर्ज डान्सने १७८९ च्या सुमारास ते लाकडात उभारलं. तीसेक वर्षांत लाकूड कुजलं आणि थॉमस हार्डविकला सगळं नव्याने करावं लागलं. आराखडा त्याने अष्टकोनीच ठेवला, हे बरं केलं. २०१५ मध्ये हे पॅरिश शेजारच्या थोरल्या सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या पॅरिशमध्ये विलीन झालं.