रामटेक पायी चढा, अंबाळ्यापासून

रामटेकला याआधी चारदा गेलो, चारही वेळा गाडीनं थेट वर. यंदा आषाढात भाच्याला घेऊन अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढलो, तेव्हा कळलं की चारही वेळा निम्मा गड बघायचाच राहिला होता.

नागपूरहून एसटीनं साधारण ५० किलोमीटर. मनसरला जबलपूरचा रस्ता सोडायचा. बसस्टँडवर तर्री-पोहे खाऊन सकाळी साडेसातला अंबाळ्यावर पोचलो. काठानं घाट आणि जुनी देवळं. घाटावर पिंडदान चाललेलं असतं, तिथं मोबाईल खिशातच राहू द्या.

चढ अवघड नाही, थांबत थांबत पाऊण तास. पावसात दगडावर शेवाळ धरतं, म्हणून घट्ट पकडीचे बूट घाला. मे महिन्यात मात्र नऊच्या आत वर पोचा. देवळापाशी चपला काढल्यावर तापलेली फरशी पाय ठेवू देत नाही. फुलवाल्या मावशींनी सुरुवातीलाच बजावलं, "पिशवी लपवा जी भाऊ, वानेरं हिसकून नेतेत." प्रसाद आणि केळी बॅगेच्या तळाशी ठेवा.

वर गेल्यावर रामाच्या देवळाकडे घाई करू नका. आधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह शोधा. देवळं बुटकी, साधी. पण आत तांबड्या दगडाचा नरसिंह असा बसलाय की गाभारा त्यालाच पुरत नाही. ही वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या काळातली, पाचव्या शतकाच्या आसपासची. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची राणी होती. नवरा गेला, मुलं लहान, तेव्हा राज्य तिनंच सांभाळलं. तिचा एक ताम्रपट रामगिरीस्वामींच्या, म्हणजे याच रामगिरीवरच्या (रामटेकवरच्या) देवाच्या पायांपाशी दिलेला आहे. केवल नरसिंहाच्या भिंतीवर याच घराण्याविषयीचा संस्कृत शिलालेख आहे, बराच झिजलाय. त्याला हात लावू नका, खडूनं अक्षरं तर अजिबात उजळू नका. मी तिथं बराच वेळ नुसता उभा राहिलो.

पुढं वराह. चार खांबांच्या उघड्या मंडपात एकाच दगडाचा प्रचंड देह. त्याच्या पोटाखालून माणसं सरपटत जातात, भाचाही गेला.

मग दरवाजे ओलांडत लक्ष्मणाचं आणि रामाचं देऊळ. लक्ष्मणाच्या देवळात यादवकाळातला शिलालेख आहे. तटावरून एका बाजूला खिंडसी तलावाचं पाणी दिसतं.

उतरताना गावाकडच्या पायऱ्या धरा, म्हणजे दोन्ही वाटा होतात. त्रिपुरी पौर्णिमेला यात्रा असते. तिच्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण मूर्ती निवांत बघायच्या असतील तर तो दिवस टाळा. दुपार हाताशी असली तर नगरधन करा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, आणि रामटेकहून सहा-सात किलोमीटरवरच आहे. पाण्याची बाटली गावातच भरून घ्या.