मच्छरदाणीतला पंखा

लातूरच्या आमच्या घरी आई बारा महिने मच्छरदाणी लावूनच झोपते, आणि ज्यांनी एप्रिलमधली एखादी रात्र जाळीखाली काढली आहे त्यांना ठाऊक असेल की छताच्या पंख्याचा वारा जाळीपाशी येऊनच दमतो. वीज गेली की तेवढाही उरत नाही. कूलरचे नाव आईपुढे काढायची सोय नाही, कारण ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या शहरात टाकीभर पाणी नुसते हवेत उडवणे तिला आजही पटत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा एक लहान पंखा थेट जाळीच्या आत, तिच्या पायथ्याशी बसवायचे मी ठरवले. अट एकच होती, त्याचा आवाज येता कामा नये, कारण आईची झोप फार सावध आहे.

मोडक्या खेळण्यातली मोटर पहिल्याच रात्री बाद झाली. तिच्यात फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश घासत असतात, त्यामुळे उशाशी रातकिडा येऊन बसल्यासारखे वाटते. मग संगणकातला, ब्रश नसलेला बारा व्होल्टचा पंखा घ्यायचा ठरला. त्यातही ८० मिलिमीटरचा स्वस्त मिळत असताना मी १२० मिलिमीटरचा मागितला, कारण तेवढाच वारा द्यायला लहान पात्यांना फार जोरात फिरावे लागते आणि आवाज वाढतो तो मुख्यतः वेगाने.

गंजगोलाईच्या परिसरात पंखा निवडताना मात्र माझी चांगलीच फजिती झाली. सोळा रस्त्यांची वर्दळ जिथे एकत्र येते, तिथे प्रत्येक पंखा मुकाच असतो! दुकानदार पंखा माझ्या कानाशी धरून "ऐका की, काहीच आवाज नाही" म्हणत होता, आणि मला ऐकू येत होते ते फक्त रिक्षांचे हॉर्न. शेवटी मी कानांचा नाद सोडला आणि चालू पंख्याच्या चौकटीवर बोट टेकवून बघितले. दोन पंख्यांची थरथर बोटाला जाणवली, तिसऱ्याची जवळजवळ नाही, म्हणून तो घेतला.

तो ०.१५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन वॉटसुद्धा नाही. यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली, तरी दोन रात्री आरामात निघतात. मी तारेत फ्यूज घातला, वेग उतरावा म्हणून व्होल्ट नऊवर आणले आणि स्क्रूंखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दिले, कारण पंखा ज्या लाकडी चौकटीत बसवला ती त्याची थरथर घेऊन तबल्यासारखी घुमत होती. पंख्यापुढची संरक्षक जाळीही पात्यांपासून बोटभर लांब ठेवली, नाहीतर शीळ वाजते.

एवढे करूनही रात्री दोन वाजता बारीक टकटक सुरू झाली. मी बॅटरी तपासली, स्क्रू आवळले, चौकट उलटी करून पाहिली. मच्छरदाणीच्या काठाचा एक सुटलेला दोरा मागच्या बाजूने आत ओढला जाऊन पात्यांना लागत होता. मी टॉर्च तोंडात धरून कात्रीने तो कापत असताना आई कूस बदलून म्हणाली, "लेकरा, पंख्याचा आवाज नाही रे, तुझाच आहे. निज की आता."