क्लाइंबिंग अपडेट: पाय, पाठ आणि बोटांचा हिशोब

हिवाळ्यात सुरू केलेलं क्लाइंबिंग अजून टिकून आहे. यावेळी कुठला रूट (चढायचा ठरलेला मार्ग) गेला आणि कुठला राहिला त्यापेक्षा अंगात काय फरक पडलाय ते लिहितो, कारण ओळखीतले बरेच जण विचारतायत की जिमऐवजी हे केलं तर चालेल का. माझं उत्तर चालेल असंच आहे, पण फायदा कुठे होतो ते आधी समजून घ्या.

सगळ्यांना वाटतं हा दंडांचा खेळ आहे. माझी खरी प्रगती झाली ती पायांत. मी वॉलवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम भिंतीवर, दर वेळी सुरुवातीला सोप्या रूटवर एकच ड्रिल करतो, पाय होल्डवर (हाता-पायाला आधार देणाऱ्या उंचवट्यावर किंवा खाचेवर) ठेवताना आवाज आला तर खाली यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. भरलेला तांब्या ठेवावा तसं पाऊल टेकवायचं, बुटाचं टोक नेमकं होल्डवर, आणि टेकेपर्यंत नजर तिथून हलवायची नाही. हे अंगवळणी पडलं आणि त्याच रूटवर हात कमी भरून यायला लागले, कारण मांड्या आणि पोटऱ्या वजन उचलतात तेव्हा हातांना फक्त तोल सांभाळायचा असतो. हिप भिंतीला चिकटवून वर जाणं जमायला लागल्यावर कंबरेचा आखडलेपणाही बराच गेला. नाशिकच्या अंबडला कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला हे किती मोठं आहे ते बसणाऱ्यालाच कळेल.

आता बोटं. बोटांमध्ये त्यांना वाकवणारे मोठे स्नायू नसतातच, ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात आणि तिथून टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) बोटांपर्यंत जातात. म्हणून छोटा होल्ड धरला की भरून येतो तो हाताचा पुढचा भाग. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातलं रक्ताभिसरण दबतं, म्हणून मधे मधे एक हात खाली सोडून झटकायचा, शक्यतो कोपर सरळ ठेवून लटकायचं म्हणजे वजन हाडांवर येतं. यात घाई करू नका हे मी अगदी कळकळीने सांगतोय, स्नायू लवकर तयार होतात पण टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो आणि ते फार हळू मजबूत होतात, त्यामुळे आपल्याला वाटतं ताकद आलीय आणि बोटाच्या मुळाजवळची पुली (टेंडनला हाडाशी धरून ठेवणारा पट्टा) मात्र अजून तयार नसते. म्हणून फुल क्रिंप (बोटं घट्ट दुमडून वर अंगठा दाबलेली पकड) मी अजूनही टाळतो, ओपन हँडने म्हणजे बोटं मोकळी ठेवूनच धरतो आणि हँगबोर्डला (बोटांनी लटकायच्या सरावाच्या फळीला) सध्या हातही लावत नाही.

पाठ आणि खांदे तर उघडच आहे, मान पुढे काढून बसायची सवय कमी झाली. पण क्लाइंबिंगमध्ये ओढण्याचं काम जास्त आणि ढकलण्याचं कमी, म्हणून घरी पुशअप्स आणि खांद्यांसाठी रबर बँडचे व्यायाम चालू ठेवलेत. दमासाठी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या, कारण बोल्डरिंगने (रोपशिवाय कमी उंचीवरच्या चढाईने) ताकद वाढते पण दम लागण्यातला फरक पायऱ्या आणि ट्रेकनेच पडतो असा माझा अनुभव.

हे सगळं एकत्र दिसलं हरिहर किल्ल्यावर. तिथल्या त्या उभ्या कातळपायऱ्या आणि हाताला कोरलेल्या खोबण्या नाशिककरांना माहितीच आहेत. उतरताना तोंड कातळाकडे, तीन अवयव टेकलेले आणि एकच हलवायचा, हा वॉलवरचा नियम तिथे जसाच्या तसा लागू पडतो. पूर्वी तिथून उतरलो की हात दुखायचे, यावेळी पोटऱ्या गरम झाल्या आणि हात मोकळे. याच हरिहरच्या स्कॉटिश कड्यावर १९८६ साली ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट चढले होते, एव्हरेस्टचा नैऋत्य कडा १९७५ मध्ये सर करणारे तेच. आपल्या घराशेजारच्या बसाल्टवर असा माणूस येऊन गेलाय याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणखी एक फायदा मोजता येत नाही पण सांगतो. रोपवर असताना ऑफिसचं काही आठवतच नाही, पुढचा होल्ड, श्वास आणि खालून बिले देणारा (आपला रोप सांभाळणारा) एवढंच असतं. बिले देताना तर जास्तच, समोरच्याचा जीव आपल्या हातात आहे म्हटल्यावर मोबाईल आपोआप बॅगेत जातो. चढायच्या आधी एकमेकांची गाठ, हार्नेसचं (कंबरेच्या पट्ट्याचं) बकल आणि कॅराबिनरचं (रोप अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक बघायचं, कितीही जुने पार्टनर असले तरी.

नवीन असाल तर थेट सुळक्यावर जाऊ नका. आधी वॉल, मग जाणत्या मंडळींबरोबर टॉप रोप, म्हणजे रोप आधीच वर अडकवून केलेली चढाई. सह्याद्रीचा कातळ दिसतो भक्कम पण होल्ड निसटतात, हेल्मेट हवंच, आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर परफ्यूम, धूर, आरडाओरडा काहीही नको, सरळ दुसरी जागा बघायची. आठवड्यात दोन सेशन, मधे निदान एक दिवस आराम, सुरुवातीला एवढं भरपूर आहे.

पावसाळ्यात कातळ ओला आणि शेवाळलेला, त्यामुळे तेव्हा वॉलवरच राहणार. तोपर्यंत लीड (रोप स्वतः वर नेत, अडकवत चढणं) शिकून घ्यायचंय, क्लिप करताना रोप पायामागे जाऊ न देण्याची सवय सध्या जमिनीजवळच्या क्विकड्रॉवर (रोप अडकवायच्या दोन कड्यांच्या पट्टीवर) करतोय. मनमाडजवळचा हडबीची शेंडी हा सुळका मनात आहे, पण पाऊस संपून कातळ सुकल्यावरच, आणि तेही आमचे सीनियर हो म्हणाले तर.