एवढी नावं ठेवता, मग बघता कशाला?

हा प्रश्न मला नात्यातली माणसं विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि मालिकांबद्दलचं माझं लिखाण वाचणारे अनोळखी वाचकही विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "आणि आपल्या म्हणण्यानं मालिकावाल्यांना काय फरक पडतो?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकदा सविस्तर देतो.

मालिका न बघणारा माणूस मालिकांबद्दल जे बोलतो ते सगळीकडे सारखंच असतं. सुना दागिने घालून झोपतात, एका थपडेवर कॅमेरा तीनदा फिरतो, दार उघडायला अर्धा भाग लागतो. यात खोटं काही नाही. पण हे मत बनवायला दोन मिनिटं पुरतात. रोज बघणाऱ्याची तक्रार वेगळी असते. ती बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "ती असं वागणार नाही."

'आई कुठे काय करते' चालू होती तेव्हा हे वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं ही मालिका स्टार प्रवाहवर चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती, नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण उघड झाल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर घटस्फोट घेणारी, गाण्याकडे परत वळणारी, पुढे दुसरं लग्न करणारी आई. माझ्या आसपासच्या वयानं मोठ्या बायका, ज्या प्रत्यक्षात कुणाच्या घटस्फोटाचं नाव काढलं तरी विषय बदलतात, त्या अरुंधतीनं सही करावी म्हणून टीव्हीसमोर अस्वस्थ बसलेल्या मी पाहिल्या आहेत. एवढं काम एका मालिकेनं केलं, हे मला फार मोठं वाटतं आणि ते मी दरवेळी आवर्जून सांगतो.

त्याच बायका पुढे चिडायला लागल्या. अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहिली, तरी जुन्या घरात काही बिनसलं की तिलाच बोलवायचं, तिनंच धावत जायचं, पहिल्या नवऱ्याचे अपमान तिनंच गिळायचे. "एवढं सगळं झाल्यावर ती परत त्या घरात पाऊल टाकणार नाही," असं एक काकू म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, पात्राच्या घडणीबद्दल इतकं नेमकं बोलणारं समीक्षण मी छापील पानावर क्वचित वाचलंय. शिकलेली गोष्ट ते पात्र विसरलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा, आशुतोषचा मृत्यू दाखवला तेव्हाही तक्रार नुसत्या दुःखाची नव्हती. तिला पुन्हा एकटं पाडल्याशिवाय तुम्हाला गोष्ट सुचत नाही का, हा प्रश्न होता.

हे रोजच्या प्रेक्षकालाच का कळतं? श्रेयनामावली बघा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, कुठे न्यायचा हे चॅनलच्या बैठकीत ठरतं. वर्षं उलटतात तसे लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, कधी कलाकारही बदलतात. पहिल्या भागापासून शेवटपर्यंत तेच राहतात ते समोर बसलेले लोक. मालिकेची आठवण त्यांच्याकडे असते. कुणी कुणाला कधी काय वचन दिलं, कोण कुठल्या गोष्टीला घाबरतं, सगळं त्यांना पाठ. तर बघता कशाला, याचं माझं उत्तर असं: एखाद्या माणसाला पाच-पाच वर्षं रोज थोडं थोडं उलगडत जाताना बघणं सिनेमात मिळत नाही, नाटकात मिळत नाही. ते फक्त इथे मिळतं. म्हणून ते बिघडतं तेव्हा मला राग येतो.

आता दुसरा प्रश्न, फरक पडतो का. इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण आपलं मत मोजलं कसं जातं याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

टीआरपी मोजण्याचं काम २०१५ पासून 'बार्क' ही संस्था करते. ती काही निवडक घरांत मीटर बसवते. २०२० साली अशी साधारण ४४ हजार घरं होती आणि देशात टीव्ही असलेली घरं होती सुमारे २१ कोटी. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. ती घरं कोणती हे गुप्त ठेवलं जातं. मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती पकडतो आणि कोणती वाहिनी चालू आहे हे नोंदवतो. घरातलं प्रत्येक माणूस टीव्हीसमोर बसताना मीटरच्या रिमोटवरचं आपलं बटण दाबतं, म्हणून कोण बघतंय तेही कळतं. किती जणांनी बघितलं आणि किती वेळ बघितलं, या दोन्हींवरून आकडा निघतो आणि दर गुरुवारी तो चॅनलच्या हातात पडतो.

निवडक घरांवरून अंदाज बांधण्यात मला काही गैर वाटत नाही, ते शास्त्र आहे. माझा आक्षेप नेमकं काय मोजतात यावर आहे. मीटर वेळ मोजतो. जीव लावून बघितलेलं मिनिट आणि दात-ओठ खात बघितलेलं मिनिट त्याला सारखंच दिसतं. खलनायिकेनं पुन्हा एकदा कागद बदलले, आपण "अरे काय हे!" म्हणून ओरडलो आणि जाहिराती संपेपर्यंत जागचे हललो नाही, तर त्या घरातून गेलेला निरोप एवढाच असतो की हा प्रसंग छान चाललाय. मग तो प्रसंग आणखी पंधरा दिवस चालतो. आपण ज्याला विरोध म्हणतो तो तिकडे टाळ्या म्हणून पोचतो.

'ठरलं तर मग' बघणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही मालिका मराठीत टीआरपीच्या पहिल्या क्रमांकावर दीर्घकाळ राहिली, आणि तिची बैठक खरोखर पक्की आहे. सायली आणि अर्जुनचं करारावरचं लग्न, आश्रमाची केस, आणि हरवलेली मुलगी तन्वी खरी कोण हे गुपित. प्रेक्षकाला ते माहीत, घरच्यांना माहीत नाही, यातली ओढ जबरदस्त असते. नाटक लिहिणाऱ्यांनी ही युक्ती पूर्वापार वापरली आहे. पण ती किती ताणायची? ज्या घरात अर्जुनसारखा निष्णात वकील आहे, त्या घरात एका मुलीची ओळख वर्षानुवर्षं कुणालाच पटू नये, यासाठी एकेका पात्राला आळीपाळीनं मंद करावं लागतं. माझ्या मते नुकसान इथे होतं. रहस्य लांबलं याचं मला फारसं काही नाही, ते लांबवण्यासाठी अर्जुनला भोळा करावा लागतो याचं आहे.

पूर्वी मत पोचवण्याची वाट वेगळी होती. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, त्या दिवशी जे घडलं त्यावर प्रश्न टाकत. त्या मालिकेला चार लाखांच्या आसपास पत्रं आली असं तिच्यावर अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. पत्र लिहिणाऱ्याला बसून विचार करावा लागे, आपलं म्हणणं कारणासकट मांडावं लागे. मला ती पद्धत मनापासून हवीहवीशी वाटते.

आज मत नोंदवणं सोपं झालंय, आणि त्याबरोबर एक घाणेरडी सवयही आली आहे. खलनायिका रंगवणाऱ्या अभिनेत्रीच्या फोटोखाली जाऊन तिला शिव्या घालायच्या. तिच्या दिसण्यावर, घरच्यांवर लिहायचं. ती बाई तिला लिहून दिलेले संवाद म्हणतेय आणि इतके चांगले म्हणतेय की तुमचं रक्त उसळलं. राग आला असेल तर तो लेखनावर, वाहिनीच्या निर्णयावर काढा. ज्यांना मी प्रेक्षक म्हणून मानतो त्यांच्याकडून मला एवढी अपेक्षा आहे, आणि ती मी कितीही वेळा बोलून दाखवेन.

विनोदी कार्यक्रमांबद्दल विचारणारे वेगळे. त्यांचा सूर असा असतो: "हल्ली हसू येत नाही हो पूर्वीसारखं." बरोबर आहे, पण कारण समजून घ्यायला हवं. रोजची मालिका एक प्रसंग आठवडाभर पुरवून वापरू शकते. प्रहसनाला तशी सवलत नसते, दर वेळी नवी कल्पना, नवी अडचण, नवा शेवट. सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून चालू आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी नटांची जी फळी तिथे उभी केली, ती सलग इतकी वर्षं टिकवणं हेच अवघड. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांच्या जोडीची प्रहसनं मी आजही काढून बघतो. दोघंही एकमेकांचं वाक्य पूर्ण ऐकतात, मग बोलतात, आणि हशा त्या ऐकण्यातून फुटतो. नम्रता संभेराव नुसत्या उभ्या राहण्यात फरक करून अख्खं पात्र बदलतात. जिथे प्रसंग नीट लिहिलेला असतो तिथे आजही हसू येतंच. जिथे कल्पना संपते तिथे ठरलेली वाक्यं आणि ठरलेले आवाज येतात, आणि मग परीक्षकांच्या हसऱ्या चेहऱ्यांवर कॅमेरा जरा जास्तच वेळा जातो.

जाडेपणावर, काळ्या रंगावर, साडी नेसलेल्या पुरुषावर हशा काढणं मात्र मला अजिबात सहन होत नाही. पुरुषानं बाईची भूमिका करायला माझी हरकत नाही, आपल्याकडे त्याची थोर परंपरा आहे. पण साडी हाच विनोद असेल तर लेखकानं काम केलेलं नाही. आणि प्रेक्षकाला नेमकं हेच आवडतं, हे म्हणणं मला पटत नाही. 'चला हवा येऊ द्या' आठवून बघा. झी मराठीवर २०१४ पासून दहा वर्षं चाललेला, धमाल करायला काढलेला कार्यक्रम. त्यात लोकांच्या सर्वांत जास्त मनात राहिलं ते सागर कारंडे यांनी पोस्टमन होऊन वाचलेलं पत्र. ती पत्रं अरविंद जगताप लिहायचे. विनोदाच्या कार्यक्रमात अख्खं सभागृह शांत होऊन ऐकायचं, डोळे पुसायचं. लोकांची समज इतकी मोठी आहे. त्यांना कमी लेखून लिहिणाऱ्यांनी तेवढं एक उदाहरण समोर ठेवावं.

तर फरक पडतो का? तोंडी तक्रारीनं फार नाही. बंद केलेल्या टीव्हीनं पडतो, कारण तेवढंच मीटरला कळतं. रेटिंग घसरलं की वेळ बदलते, 'आई कुठे काय करते'सुद्धा शेवटच्या वर्षी संध्याकाळ सोडून दुपारी अडीचला गेली. अंधश्रद्धा, हिंसा, बायकांची विटंबना असं काही खटकलं तर रीतसर तक्रारीची सोय आहे. आधी वाहिनीकडे लिहायचं, पंधरा दिवसांत उत्तर द्यायला ती बांधील असते. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. २०२१ च्या नियमांनी ही उतरंड कायद्यात आणली. मात्र कथा भरकटली, पात्र मंद केलं, याची दाद तिथे मिळत नाही. त्यासाठी तुमचा रिमोट.

मी स्वतः काय करतो तेही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. ट्रॅक पटेनासा झाला की मी त्या वेळेला दुसरं काही लावतो, आणि का लावलं ते प्रसंगासकट लिहितो. एखादा भाग चांगला झाला तर संवादलेखकाचं नाव शोधून, नाव घेऊन लिहितो. चांगल्याबद्दल लिहायला लोक फार कंजुषी करतात. आपल्या घरात मीटर असण्याची शक्यता जवळपास नाही, हे माहीत असूनही मी रिमोट तसाच वापरतो.

आणि वाहिन्यांकडे माझं एकच मागणं आहे. मालिका सुरू करताना भाग किती ते सांगा. लॅटिन अमेरिकेतल्या टेलिनोव्हेला रोजच दाखवल्या जातात, पण त्या संपायच्या ठरवूनच सुरू होतात, बहुतेक वर्षाच्या आत. आपल्याकडे दोन्ही झालेलं आहे. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले, त्या सातत्याबद्दल मला आदर आहे. पण २०१२ साली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' काही महिन्यांत, गोष्ट संपली तिथे थांबली, आणि घना-राधा अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. दोनशे भागांची मालिका जाहीर करून दाखवा. मी पहिल्या दिवसापासून बसेन, एक भाग चुकवणार नाही, आणि शेवटचा झाला की दोनशे भागांचं मिळून काय ते लिहीन.