आमची वाटचाल: पट्टीचा हिशोब आणि रीडमी

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच दिवसांत गंजगोलाईजवळच्या एका खोलीत आम्ही आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, हमाली, तोलाई, बारदाना म्हणजे पोती, खरेदीदाराकडचं येणं. कोड एका मुलाच्या लॅपटॉपवर, आणि पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल नवीन' अशी फोल्डरं.

तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि ऐन तुरीच्या हंगामात एका आडतीवर पट्टीची छपाई अडली. मुनीमजींचे फोनवर फोन, "दादा, माणसं खोळंबलीत." नव्या मुलीच्या मशीनवर कोड चालूच होईना. डेटाबेसची आवृत्ती कोणती, सेटिंग कुठली, काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन दिवस पट्ट्या हातानं लिहिल्या गेल्या. दोष त्या मुलाचा नव्हता. लिहून ठेवायची सवय मी लावली नव्हती.

मग गिट आलं, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन. असा कोड ऑनलाइन ठेवायची जागा म्हणजे गिटहब. एप्रिल 2020 मध्ये तिथं टीमसाठी खाजगी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, फुकट झाली, तेव्हा सगळा कोड तिकडं नेला. त्यात डेटाबेसचा पासवर्डही गेला. फाइल खोडून भागत नाही, इतिहासात जुनी प्रत राहतेच. म्हणून पासवर्डच बदलला. आता खरी सेटिंग फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत असते आणि शेजारी नुसती नावं असलेली नमुना फाइल.

रीडमी म्हणजे कोड कसा चालवायचा ते सांगणारी फाइल. तिची परीक्षा आमच्याकडं एकच. नवा माणूस, कोरा लॅपटॉप, कुणाला काही विचारायचं नाही. जिथं अडेल तिथली ओळ त्यानंच दुरुस्त करायची. कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवतानाच्या, संदेशात 'तोलाई दुरुस्त' चालत नाही. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहा: 'या गिऱ्हाईकाकडं तोलाई पोत्यामागं कापतात, वजनावर नाही.'

आणि व्यवहाराचे नियम आम्ही मराठीतच लिहितो. यावर आमच्यात बराच वाद झाला, पण मी ठाम राहिलो. आज्ञा, फाइलींची नावं जशीच्या तशी. पण 'पट्टी', 'घट', 'बारदाना' यांचं भाषांतर केलं की अर्थ निसटतो, आणि ज्यांचा हा धंदा आहे त्यांना ते वाचता येत नाही. गेल्या हंगामात एका मुनीमजींना ते पान छापून दिलं. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "दादा, बारदान्याची घट दोनदा धरलीय तुम्ही."

कोड आम्ही तिघांनी तपासला होता. कुणालाच ते दिसलं नव्हतं.