आमच्या घरातला शेवटचा धोंडू

भावाला मुलगा झाला आणि फॅमिली ग्रुपवर नावांचा नुसता पाऊस. विहान, रियांश, कियान, अद्वैत, आणि एक तर असं की चारदा वाचूनही मला म्हणता येईना. मी आत्या, म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा, म्हणून मी पण एक टाकलं. धोंडू. दोन मिनिटं ग्रुप गप्प. मग वहिनीची हसणारी इमोजी आली आणि आईचा थेट फोनच, "असलं काही बोलू नये गं लेकराला."

आता गंमत अशी की धोंडू हे माझ्या आजोबांचं, म्हणजे आईच्याच सासऱ्यांचं नाव! पण घरात सगळे त्यांना तात्या म्हणायचे, त्यामुळे खरं नाव मला शाळेत गेल्यावर कळलं.

पणजीची आधीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली होती. चौथे तात्या. ते झाले तेव्हा शेजारणीने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेलं, तिथे सापडलं असं म्हणत उचलून आणलं आणि पणजीने मूठभर कोंडा देऊन आपलंच पोर विकत घेतलं. आणि नाव ठेवलं धोंडू, म्हणजे धोंडा, दगड. देवाला, सटवाईला, दृष्टीला, ज्याला कुणाला या घरातली पोरं न्यायची चटक लागली होती त्याला वाटावं की हा तर नुसता दगड, याला नेऊन काय करायचंय. दगडू, केरू, उकिर्डा ही सगळी त्याच पठडीतली नावं. भिकू म्हणजे भीक मागून मिळालेला. मुलाचं नाक टोचून त्यात नथ अडकवली, मुलगी आहे असं भासवलं, की तो नथू.

नाव लागू पडायचं का? तात्या 88 वर्षं जगले. आणि महर्षी कर्वे बघा, धोंडो केशव कर्वे, जन्म 1858 चा आणि गेले 1962 ला, 104 वर्षं, शंभरीच्या वर्षी भारतरत्न घेऊन. (कर्व्यांचं नाव याच कारणाने ठेवलं होतं असा माझा दावा नाही हं, पण धोंडा टिकला हे मात्र खरं.) टिपू पडल्यावर ज्याने इंग्रजांच्या नाकी नऊ आणले आणि ज्याच्या मागे आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच, 1800 साली फौज घेऊन महिनोन्‌महिने फिरत होता तो पण धोंडियाच, धोंडिया वाघ. गाण्यात केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी. म्हणजे हे नाव फक्त मुलग्यांचं नव्हतं, मुलगी हवीशी असली तर तिलाही दगड करायचे.

हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्याच सातारा जिल्ह्यात दुसरं पण एक नाव होतं. नकुशी, नकुसा. दोनतीन मुली झाल्या की पुढचीला ठेवायचे. 2011 मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा अडीचशेच्या वर मुलींना नवी नावं दिली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. वरवर बघितलं तर दोन्ही वाईटच नावं, आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात घालतात, "जुन्या लोकांची अडाणी नावं" म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. धोंडू म्हणणारी आई तू राहा म्हणत होती, आणि नकुशीला हाक मारताना घर रोज तिला सांगत होतं की तू यायला नको होतीस.

नंतर धोंडू मागे पडला कारण त्याचं कामच संपलं. 1951 च्या सुमाराला देशात हजारातली 140-150 बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती, 2020 च्या सरकारी आकडेवारीत हा आकडा 28 वर आलाय, महाराष्ट्रात 16. मग दगड कशाला करायचा पोराचा? पण नुसतं मागे पडून भागलं नाही, त्याची चेष्टा झाली, "काय धोंड्या आहे का" म्हणजे मठ्ठ. पुण्यात दगडूशेठच्या दर्शनाला आपण तास तास रांगेत उभे राहतो, पण त्याच रांगेत कुणी पोराला "ए दगडू" हाक मारली तर सगळी रांग वळून बघेल.

बाबांना या नावाची लाज वाटायची हे मला फार उशिरा कळलं. ऑफिसात ते कायम मधलं नाव नुसतं "डी." लिहायचे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर तर काकांनी आजोबांचं नाव परस्पर धुंडिराज छापून आणलं, आता धुंडिराज म्हणजे काशीचा गणपती, दादासाहेब फाळक्यांचं नाव तेच होतं, त्याचा आणि आमच्या धोंड्याचा काय संबंध! पण पत्रिकेत भारदस्त दिसलं, कुणी काही बोललं नाही.

आणि आपल्याकडे मधलं नाव बापाचं, त्यामुळे धोंडू फक्त बाबा आणि काकांच्या सहीपर्यंत आला. भावाच्या नावात बाबा आले, त्याच्या मुलाच्या नावात भाऊ. दोन पिढ्यांत माणूस कागदावरून साफ.

बारसं झालं. मी कानात अद्वैत सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले. बाळाच्या गालावर आईने ही मोठी काजळाची तीट लावली होती, वहिनी फोटोसाठी पुसायला गेली तर आई म्हणाली राहू दे, दृष्ट लागते. मी आईकडे नुसतं बघितलं.

साफ म्हटलं खरं, पण गावच्या सातबाऱ्यावर अजून तात्यांचंच नाव आहे. परवा काकांना म्हटलं वारस नोंद करून घ्यायला हवी, तर म्हणाले, "करू की, काय घाई आहे."